एकविसावा रकाना

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील राजूर हे गाव तेथील गणपतीमुळे दूरवर माहीत आहे. अंगारकी चतुर्थीला तेथे दर्शनाची मोठी रांग लागते, आणि पुण्या-मुंबईस नोकरीला गेलेली पंचक्रोशीतील मुलेही त्या निमित्ताने गावी येतात. अशाच एका अंगारकीला दर्शन आटोपून मी चहाच्या टपरीवर बसलो होतो. शेजारच्या बाकावर तीन तरुणांच्या गप्पा रंगल्या होत्या. तिघेही संगणकासाठी आज्ञावली लिहिणारे, म्हणजे प्रोग्रामर.

"आमच्याकडं शुक्रवारी पॅच सोडायला बंदी आहे," एक म्हणाला.

"क्राउडस्ट्राइकचं पाहिल्यावर कोण सोडील?" दुसरा हसला. "एवढीशी फाइल गेली, अन् पंच्याऐंशी लाख कॉम्प्युटर आडवे!"

बाकाच्या टोकाला बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला राहवले नाही. त्याने विचारले, "हा पॅच म्हंजे काय रे बाळा? ट्यूबला लावतेत तोच का?"

मुले हसली. पण विद्यार्थी मित्रहो, आबांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. 'पॅच' म्हणजे ठिगळच. संगणकाच्या आरंभीच्या काळात आज्ञा कागदी पट्टीवर भोके पाडून लिहीत. भोक चुकीच्या जागी पडले, तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून ते बुजवीत आणि योग्य जागी नवे भोक पाडीत. पुढे कागद गेला, पण शब्द राहिला. आज आज्ञावलीतील दोष काढण्यासाठी जी दुरुस्ती इंटरनेटवरून पाठवतात, तिलाही पॅच असेच म्हणतात.

आता त्या मुलांच्या गप्पांतील मुख्य बातमीकडे वळू. ती समजून घेण्यास प्रोग्रामर असण्याची गरज नाही. वीसपर्यंत नीट मोजता आले की पुरे!

काय घडले?

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली होती. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांकडे इंटरनेटवरून एक छोटी फाइल पाठवली. ती ज्या विंडोज संगणकांवर पोहोचली, ते निळा पडदा दाखवून बंद पडले. पुन्हा सुरू केले की पुन्हा बंद. चूक लक्षात येऊन कंपनीने १० वाजून ५७ मिनिटांनी ती फाइल मागे घेतली. मधला काळ अवघ्या ७८ मिनिटांचा. तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक निकामी झाले होते.

विमानतळांवर गर्दी उसळली. भारतात अनेक प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले, आणि इंडिगो कंपनीची त्या दिवशी जवळजवळ दोनशे उड्डाणे रद्द झाली. अमेरिकेतील डेल्टा कंपनीला पुढील काही दिवसांत मिळून सुमारे सात हजार उड्डाणे रद्द करावी लागली. इंग्लंडमध्ये अनेक डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी पाहता येईनात. हा परकीयांचा हल्ला असावा, असे अनेकांना वाटले. पण हल्ला कोणीच केला नव्हता. बिघाड झाला होता तो हल्ल्यापासून रक्षण करणाऱ्या आज्ञावलीतच.

पहारेकरी आणि त्याची वही

क्राउडस्ट्राइकची आज्ञावली म्हणजे संगणकाच्या दारावरचा पहारेकरी समजा. संगणकात चालणाऱ्या हालचालींवर तो नजर ठेवतो. चोर कसा ओळखावा याच्या खुणा लिहिलेली एक वही त्याच्याजवळ असते. चोर रोज नव्या युक्त्या काढतात, म्हणून कंपनी वहीची नवी पाने वरचेवर पाठवते. पहारेकरी तोच, पाने तेवढी नवी. १९ जुलैला पाठवलेली फाइल हे असेच एक पान होते.

या पानावर २१ रकाने होते. प्रत्येक रकान्यात एक अट असते. पहारेकऱ्याने समोरच्या हालचालीची माहिती गोळा करायची आणि ती रकान्यांतील अटींशी एकेक करून ताडून पाहायची, असे हे काम.

गडबड अशी की, पान आखणाऱ्यांनी २१ रकाने आखले, पण पहारेकरी माहिती गोळा करी ती २० बाबींचीच! हा विसंवाद फेब्रुवारी २०२४ पासून आज्ञावलीत होता. मग पाच महिने तो कोणाच्या लक्षात कसा आला नाही? कारण तोवरच्या पानांवर एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' अशा अर्थाची खूण असे. काहीही चालणार असेल, तर ताडून पाहण्याची गरजच नाही. पहारेकरी त्या रकान्याकडे वळतच नव्हता. १९ जुलैच्या पानावर मात्र एकविसाव्या रकान्यात प्रथमच खरीखुरी अट आली. पहारेकरी एकविसावी बाब शोधू लागला, आणि ती तर नव्हतीच!

एखाद्या माणसाला असे काम दिले असते, तर तो म्हणाला असता, "साहेब, कागदावर एकवीस रकाने आहेत आणि माझ्याकडे वीसच नोंदी आहेत. काय करू?" संगणक असे विचारत नाही. विचारण्याची आज्ञा दिलेली असेल, तरच तो विचारतो.

विसाव्या कप्प्यापलीकडे

संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक घातलेल्या कप्प्यांची लांबच लांब ओळ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅक या भारतीय बनावटीच्या संगणकाच्या स्मृतीत असे २०४८ कप्पे होते. आज तुमच्या घरातील साध्या मोबाइलमध्येही ते अब्जावधी असतात. त्यांतील सलग वीस कप्पे पहारेकऱ्याच्या वीस बाबींसाठी राखलेले होते. मग एकविसाव्या जागी काय होते? तेथेही एक कप्पा होताच, आणि त्यात काहीतरी होतेही. फक्त ते पहारेकऱ्यासाठी ठेवलेले नव्हते.

तुमच्या वाड्यातल्या खोल्यांना १ ते २० क्रमांक आहेत आणि टपालवाल्याला 'खोली क्रमांक २१' असे लिहिलेले पत्र मिळाले, अशी कल्पना करा. शहाणा टपालवाला पत्र परत नेईल. पण आज्ञेचा अक्षरशः पाईक असलेला टपालवाला विसाव्या खोलीपुढे तेवढेच अंतर चालत जाईल, मग तेथे शेजाऱ्याचे घर असो, नाहीतर विहीर!

पहारेकऱ्याचे तसेच झाले. त्याने एकविसाव्या जागी सापडलेला आकडा खरा मानला. आपल्याला हवी असलेली माहिती कोठे ठेवली आहे त्याचा तो पत्ता आहे, असे समजून तो त्या पत्त्यावर गेला. तेथे वाचण्याजोगे काहीच नव्हते.

एका चुकीने सारा संगणक का थांबला?

तुम्ही म्हणाल, मोबाइलवर एखादे अ‍ॅप अडकले तर तेवढे अ‍ॅप बंद पडते, मोबाइल चालूच राहतो. मग येथे संपूर्ण संगणक का बंद पडला?

शाळेतील विजेच्या जोडणीकडे पाहा. एका वर्गातील तारा एकमेकींस चिकटल्या, तर त्या वर्गाचा फ्यूज उडतो आणि तेवढाच वर्ग अंधारात जातो. पण मुख्य फलकातच दोष निर्माण झाला, तर सगळी शाळा अंधारते. संगणकातही साध्या आज्ञावली जणू आपापल्या वर्गात चालतात. सर्वांना स्मृती, वेळ आणि यंत्रसामग्री वाटून देणारा गाभा वेगळा असतो. त्यास 'कर्नल' म्हणतात. पहारेकऱ्याला सगळीकडे नजर ठेवता यावी, म्हणून त्याला या गाभ्यातच जागा दिलेली होती.

गाभ्यात चूक झाल्यावर संगणकाने काय करावे? काम तसेच पुढे रेटले, तर कोणाची माहिती कोणाच्या कप्प्यात पडेल याचा नेम नाही. म्हणून तो मुद्दामच सर्व काही थांबवतो आणि निळा पडदा दाखवतो. म्हणजे निळा पडदा हा रोग नव्हे. फ्यूज उडावा तसा तो बचाव आहे.

पण यातून दुसरी अडचण उभी राहिली. चुकीची फाइल मागे घेतली गेली तरी ती ज्या संगणकांवर पोहोचली होती, तेथे ती होतीच. संगणक सुरू होतानाच पहारेकरी जागा होई, ते पान वाची आणि संगणक पुन्हा बंद पडे. दुरुस्ती इंटरनेटवरून यायची, तर संगणक तेवढा वेळ चालू राहायला हवा ना! त्यामुळे बहुतेक ठिकाणी माणसाला प्रत्येक यंत्रापाशी जाऊन ते 'सुरक्षित' पद्धतीने सुरू करावे लागले आणि ती फाइल स्वतः पुसावी लागली. ज्या संगणकांतील माहिती कुलूपबंद होती, तेथे आधी ४८ अंकी किल्ली टंकावी लागली. चूक ७८ मिनिटांत पसरली. ती निस्तरायला कित्येक ठिकाणी अनेक दिवस लागले.

जुनी गोष्ट, नवे रूप

सीमा न तपासल्याचे हे पहिलेच उदाहरण नव्हे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ हे नवे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या आज्ञावलीचा एक भाग आधीच्या एरियन-४ मधून जसाच्या तसा घेतला होता. त्यात वेगाशी निगडित एक मोठी संख्या १६ द्विमान अंकांच्या जागेत बसवायची होती. त्या जागेत मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७, म्हणजे २ चा पंधरावा घात वजा १. जुन्या रॉकेटच्या बाबतीत ती मर्यादा कधीच ओलांडली गेली नव्हती. नवे रॉकेट अधिक वेगाने झेपावले, संख्या जागेत मावेना, आणि दिशा दाखवणारा संगणकच थांबला.

दोन्ही घटनांत साम्य दिसते का? दोन्हीकडे चूक आधीपासून होती आणि सर्व काही सुरळीत चालले होते. 'आजवर बिघडले नाही' याचा अर्थ 'बरोबर आहे' असा होत नाही. ज्या परिस्थितीत ते बिघडेल, ती आजवर आली नाही, एवढाच त्याचा अर्थ होऊ शकतो.

आबांचा दुसरा प्रश्न

हे सारे त्या तरुणांनी आपल्या परीने टपरीवर समजावून सांगितले. आबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आम्ही सोयाबीन पेरायच्या आदी शंभर दाणे गोणपाटात भिजवून बघतोत. तुम्ही एकदम समद्या रानात पेरलं का?"

तिघेही गप्प झाले. मी इतके नेमके परीक्षण कोठे वाचलेले नाही!

आबा म्हणत होते ती उगवण चाचणी तुमच्यापैकी अनेकांनी घरी पाहिली असेल. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून त्याची गुंडाळी करतात आणि आठवडाभराने कोंब मोजतात. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले, तर बियाणे पेरण्याजोगे. कमी उगवले, तर नुकसान शंभर दाण्यांचे होते, हंगाम वाचतो.

संगणक-क्षेत्रातही ही रीत आहे. नवी दुरुस्ती आधी थोड्या यंत्रांना द्यायची, काही काळ वाट पाहायची, मग आणखी काही यंत्रांना, आणि शेवटी सर्वांना. पहिल्या तुकडीला 'कॅनरी' म्हणतात. कोळशाच्या खाणीत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कामगार कॅनरी पक्षी सोबत नेत, त्यावरून हे नाव पडले. क्राउडस्ट्राइक आपली मूळ आज्ञावली अशीच टप्प्याटप्प्याने देत असे. पण वहीची पाने तातडीची म्हणून सर्वांना एकदम जात. पाने तपासणारी वेगळी आज्ञावलीही होती. मात्र पहारेकरी एकवीस बाबी पुरवतो, असे तिनेही गृहीत धरले होते! ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने आपल्या चुकीचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. रकान्यांची संख्या तपासणारी आज्ञा घातल्याचे आणि पानेही टप्प्याटप्प्यानेच देणार असल्याचे त्यात सांगितले आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. रिझर्व्ह बँकेने त्याच दिवशी जाहीर केले की, भारतातील केवळ १० बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली. बहुतेक बँका ते साधन वापरतच नव्हत्या, हे त्याचे एक कारण. बंद पडलेले ८५ लाख संगणक जगातील एकूण विंडोज संगणकांच्या एक टक्क्याहूनही कमी होते. पण ते विमानतळ, रुग्णालये, मोठ्या कंपन्या अशा मोक्याच्या जागी होते आणि सर्वांचा पहारेकरी एकच होता. सगळ्या दारांवर एकच पहारेकरी ठेवला, की त्याची चूक सगळ्या घरांची होते.

वर्गात करून पाहा

पाच मुलांना एका ओळीत उभे करा. प्रत्येकाच्या हाती एक आकडा लिहिलेले कार्ड द्या. सहावा विद्यार्थी 'संगणक'. त्याने आपली अक्कल न वापरता चिठ्ठीतील आज्ञा अक्षरशः पाळायची. चिठ्ठी अशी: "क्रमांक सांगितला जाईल. ओळीत तितक्या जागा पुढे जा आणि तेथील आकडा फळ्यावर लिही." आता त्याला ३ सांगा, ५ सांगा, मग ६ सांगा. सहाव्या जागी भिंतीवरचे कॅलेंडर असेल, तर फळ्यावर कोणता आकडा येईल?

नंतर चिठ्ठीत एकच वाक्य वाढवा: "क्रमांक १ पेक्षा लहान किंवा ५ पेक्षा मोठा असेल, तर थांब आणि कळव." पुन्हा ६ सांगून पाहा. ० सुद्धा सांगून पाहा. कोणतीही आज्ञावली तपासताना मधल्या संख्यांपेक्षा सीमेवरच्या आणि सीमेबाहेरच्या संख्या आधी घ्याव्यात, हे तुमच्या सहज लक्षात येईल. भौतिकशास्त्रातील सूत्रही आपण असेच पारखतो. वस्तुमान शून्य केले, कोन ९० अंश केला, तर उत्तर अर्थपूर्ण येते का, हे पाहतो.

त्या दिवशी उठताना तरुणांपैकी एकाने आबांना विचारले, "आबा, येता का आमच्या कंपनीत?" आबा म्हणाले, "आदी पेरणी होऊ दे."