जीपचा टप तापतो? आतलं अस्तर घरीच करा

वैशाखात जीपच्या पत्र्याच्या टपाला आतून हात लावून पाहा, चटका बसेल. त्याच टपाखाली आपण आजारी माणसं तालुक्याला नेतो.

जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर टपाचं माप काढा, दिव्याची आणि वायरची जागा खुणेनं दाखवा. त्याबरहुकूम ३ मिलिमीटरचं प्लायवूड कापा. अखंड तुकडा दारातून आत जात नाही, दोन-तीन करा. गंज असेल तर आधी घासून रेड ऑक्साइड मारा. नंतर तो दिसायचा नाही.

पोल्ट्री शेडला लावतात तो चंदेरी फोम पत्र्याला चिकटवा, अग्निरोधक प्रतीचाच मागून घ्या. चंदेरी बाजू खाली हवी आणि प्लायवूडपासून बोटभर पोकळी हवी, नाहीतर त्या चकाकीचा उपयोग शून्य. सोल्युशन दोन्हीकडे लावा, हाताला चिकटेनासं झालं की दाबा. थर्माकोल स्वस्त म्हणून घ्याल, तर तो सोल्युशननं विरघळतो आणि भडकन पेटतो.

प्लायवूडवर रेक्झीन ताणून मागं स्टेपल मारा. हे तुकडे टपाच्या आडव्या पट्ट्यांना स्क्रूनं बसवा. पत्र्याला मात्र नवं भोक पाडू नका, मृगात तिथूनच गळेल.