बेघरांची गोष्ट, लेखांक ६ : घोंगडी वाटणारी झाशी

मागच्या लेखांकात आपण जनगणनेच्या लेखी बेघर कोण, ते पाहिले. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री प्रगणकांनी फलाटांवर, पुलांखाली, रस्त्याकडेच्या मोठ्या पाइपांत झोपलेली माणसे मोजली, आणि देवळांच्या व इतर प्रार्थनास्थळांच्या उघड्या आवारातलीही. देशभरात संख्या भरली १७ लाख ७३ हजार. त्यांतली सर्वाधिक, ३ लाख २९ हजार, उत्तर प्रदेशात होती. दुसरा क्रमांक २ लाख ११ हजारांसह आपल्या महाराष्ट्राचा.

बेघर माणूस देवळापाशी का जातो, याला कारणे आहेत. तिथे कुणीतरी काहीतरी खायला देते. रात्री दिवा असतो, पाणी असते, माणसांची ये-जा असते, त्यामुळे एकट्या बाईला थोडे सुरक्षित वाटते. पण देऊळ या माणसाला नेमके काय देऊ शकते आणि कुठे थांबते? हे समजून घ्यायला आज झाशीला जाऊ.

झाशी मराठी वाचकाला परकी नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले, सत्तावनच्या धामधुमीत सापडले आणि झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून आला. वेढ्याचे वर्णन सगळ्यांच्या लक्षात राहते. त्यातला थंडीचा प्रसंग मात्र फारसा कुणी सांगत नाही. राणी लक्ष्मीबाई महालक्ष्मीच्या दर्शनाहून परतत होत्या. शहराच्या दक्षिण दरवाजापाशी भिकाऱ्यांची गर्दी दिसली. चौकशी केली तेव्हा कळले की थंडी कडाक्याची आहे आणि या लोकांच्या अंगावर काही नाही. राणींनी शहरातले शिंपी कामाला लावले आणि चार दिवसांत गोरगरिबांना टोपी, बंडी आणि घोंगडी वाटायला सांगितली.

हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. त्या काळी दान म्हटले की वाट ठरलेली होती: ब्राह्मणांना दक्षिणा, देवळाला नैवेद्य, यात्रेकरूला सदावर्त. स्वतः गोडसे भटजी त्याच वाटेने पोट भरत होते. दरवाजापाशी कुडकुडणारी माणसे त्या वाटेवर नव्हती. राणींनी त्यांच्याकडे पाहिले, विचारले, आणि अंगाला बसतील असे कपडे शिवून घेतले.

पण या औदार्यामागे एक व्यवस्था होती, तीही पाहायला हवी. महालक्ष्मी ही झाशीच्या नेवाळकर राजघराण्याची कुलदेवता. तिच्या देवळाच्या खर्चासाठी गावे लावून दिलेली होती. १८५४ मध्ये झाशी खालसा झाल्यावर कंपनी सरकारने ती गावे काढून घेतली, आणि झाशीकरांच्या असंतोषाच्या कारणांमध्ये हेही एक कारण नोंदले गेले. देवळाचा दिवा, नैवेद्य आणि पायरीवरच्या माणसाच्या हातावर पडणारा प्रसाद हे सगळे जमिनीच्या उत्पन्नावर चालत असे. उत्पन्न तुटले की श्रद्धा कितीही असली तरी दानाचा हात आखडतो.

आजच्या झाशीत घोंगडीची जागा कंबलने घेतली आहे. बुंदेलखंडाचा हिवाळा बोचरा असतो. चौकाचौकांत अलाव म्हणजे शेकोट्या पेटतात, मंडळे आणि संस्था कंबल वाटतात, गुरुद्वाऱ्यात लंगर असतो. स्टेशन मोठे जंक्शन आहे. आता त्याचे नाव वीरांगना लक्ष्मीबाई झाशी. दुष्काळात बुंदेलखंडातली कुटुंबेच्या कुटुंबे मजुरीला बाहेर पडतात. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, महाराष्ट्रातून गावी निघालेले हजारो मजूर झाशीजवळ रक्सा इथे राज्याच्या सीमेवर अडकून पडले होते. कालपर्यंत मुंबई-पुण्यात भाड्याच्या खोलीत राहणारी ती माणसे होती. भाडे थकले, काम थांबले आणि आठवड्याभरात ती रस्त्यावर आली.

अशा माणसाला एक वेळचे जेवण आणि एक कंबल लागतेच. या दानाला कुणी कमी लेखू नये. पहाटेच्या थंडीत एक कंबल जीव वाचवते. मात्र संक्रांतीला मिळालेले कंबल ठेवायलाही जागा लागते. बेघर माणसाचे सामान पावसात भिजते, चोरीला जाते, कधी सफाईच्या गाडीत जाते. सोबत कागदपत्रेही जातात, आणि कागद गेले की रेशन आणि पेन्शन दोन्ही थांबतात. दान एका दिवशी करता येते. आसरा रोज रात्री चालवावा लागतो. त्याला किल्ली सांभाळणारा माणूस लागतो, संडास धुणारा लागतो, आजारी पडलेल्याला दवाखान्यात नेणारा लागतो.

धर्माच्या प्रेरणेने हे रोजचे काम उचलणारी माणसेही आपल्याकडे झाली. गाडगेबाबांनी कीर्तनातून लोकांना हलवले आणि जमलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या दशसूत्रीत अन्न, पाणी आणि वस्त्राबरोबर बेघरांना आसरा हे वेगळे कलम आहे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना आजही सामावून घेते; एरवी त्यांतले कितीतरी जण रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर झोपले असते.

मदर तेरेसांची वाटही अशाच एका धर्मशाळेतून गेली. १९५२ मध्ये कोलकात्याच्या महापालिकेने कालीघाटच्या देवळाशेजारची यात्रेकरूंची जागा त्यांना दिली आणि तिथे मरणासन्न, निराधार माणसांसाठी निर्मल हृदय सुरू झाले. देवीच्या यात्रेकरूंसाठी बांधलेली जागा, महापालिकेची परवानगी आणि ख्रिस्ती भगिनींची सेवा अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. पुढे १९६० च्या सुमारास त्यांची संस्था कोलकात्याबाहेर पडली, तेव्हा रांची आणि दिल्लीबरोबर सुरुवातीच्या शाखांत झाशीचे नाव होते.

आता सरकारचे मोजमाप. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे बारा महिने, चोवीस तास चालणारा एक निवारा असावा असे सांगितले. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने नियम घातले: निवाऱ्यात किमान ५० जणांची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा, आणि राहणाऱ्यांना ओळखपत्र, रेशन, पेन्शन मिळवून देण्याची जबाबदारी. २०११ च्या जनगणनेत झाशीची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर होती, म्हणजे पाच निवारे हवेत. चालवायचे काम स्वयंसेवी संस्थांकडे सोपवायला नियमांची आडकाठी नाही.

देवस्थाने, गुरुद्वारे आणि चर्च इथे खरे उपयोगी पडू शकतात. इमारत आणि वीज पालिकेची असू द्या. रोजच्या जेवणाची पाळी, आठवड्याला डॉक्टर आणि महिन्यातून एकदा अर्ज भरून देणारा कार्यकर्ता यांची हमी एकेका संस्थेने वर्षभरासाठी घ्यावी. एका दिवसाच्या भंडाऱ्याला जमणारी वर्गणी यातले पुष्कळ पेलू शकते. अट इतकीच की येणाऱ्याला जात, धर्म विचारू नये आणि प्रार्थनेची सक्ती करू नये. बायकांसाठी वेगळी खोली आणि आतून लागणारी कडी मात्र पहिल्या दिवसापासून हवी. ती नसेल तर बायका निवाऱ्यात येत नाहीत, स्टेशनच्या उजेडातच बसून राहतात.

पुढच्या लेखांकात पाहू मुंबईचा १९५९ चा आणि उत्तर प्रदेशचा १९७५ चा भिक्षाप्रतिबंधक कायदा: देवळाच्या पायरीवर हात पसरणाऱ्या माणसाला हे कायदे काय म्हणतात, आणि त्याला उचलून कुठे नेतात.