पांढरीचीही नोंद हवी



उसाची नोंद द्यायला आपण चुकत नाही. गट नंबर, क्षेत्र, वाण, लागणीची तारीख सगळे तोंडपाठ असते, कारण नोंद नाही तर वेळेवर तोड नाही. ही झाली काळीची गोष्ट. पण ज्या पांढरीत आपली घरे उभी आहेत, तिची नोंद कुठे आहे?

ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर 8 मध्ये घराचे माप आणि कर असतो. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका देतात. हद्दीच्या तंट्याला ती उपयोगी आहे, जरूर घ्यावी. पण ड्रोनला वरून माळवद दिसते. खालची ढाळज, ओसरी, चौक, देवळी, धान्याचे बळद आणि पेव त्याला दिसत नाही. अंबडच्या मत्स्योदरी देवीची, जांब समर्थची माहिती पुस्तकांत मिळते. कुणब्याच्या घराची कोण लिहिणार?

जायकवाडीची पायाभरणी 1965 साली झाली आणि 1976 साली धरण पुरे झाले. डाव्या कालव्याच्या पाण्यावर आपल्या भागात ऊस आला. त्याच धरणाच्या पोटात गोदाकाठची कितीतरी गावे गेली. तिथल्या ज्या घरांचे वर्णन कुणी लिहिले नाही, ती आता म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीतच उरली आहेत.

जुने घर पाडूच नका, असे आमचे म्हणणे नाही. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप मराठवाडा विसरलेला नाही. दगड-मातीच्या सुट्या भिंती आणि वर थरावर थर चढून जड झालेले मातीचे छत, यांनीच झोपेतली माणसे दाबली. मोडकळीला आलेले घर उतरवावेच लागते. भावाभावांत वाटणी झाली म्हणजेही वाडा पडतो आणि सागाच्या तुळया विकल्या जातात. फक्त त्याआधी एवढे करा :

1. घर किती खणांचे, लांबी-रुंदी किती, भिंतीची जाडी किती, ते टेपने मोजून वहीत साधा नकाशा काढा.

2. खांब, तुळई, कडीपाट कोणत्या लाकडाचे, दगड कुठल्या खाणीचा, ते लिहा.

3. चौकटीवर किंवा शिळेवर साल, नाव कोरले असेल तर जसेच्या तसे उतरवा.

4. मोबाईलवर चारी बाजूंचे, साण्याचे, नक्षीचे फोटो घ्या. माप कळावे म्हणून शेजारी काठी उभी करा.

5. घरातल्या आजींना विचारा. जाते कुठे होते, बाळंतिणीची खोली कोणती, पेव किती पोत्यांचे, हे त्यांनाच ठाऊक असते.

भिंतीला तडा किंवा फुगारा असेल तर आत जाऊ नका, बाहेरूनच फोटो घ्या. गावची बारव, वेस, चावडी आणि गढी यांचीही अशीच नोंद करावी. वहीची एक प्रत घरी आणि एक शाळेत ठेवावी.

काम एका दिवसाचे आहे. माळवद बसले की पुन्हा मोजता येत नाही आणि सांगणारे माणूसही कायम राहत नाही. तेव्हा येत्या पावसाळ्याआधी आपापल्या घराची वही पुरी करावी, ही विनंती.