आधी पाणी तयार, मग मासे

कोरे सुती कापड धुतल्याशिवाय शिवू नका, असे आम्ही कापडवाले गिऱ्हाइकाला सांगतो. काचेच्या मत्स्यपेटीचेही तसेच आहे, हे आम्हाला नुकसान सोसून कळले. नांदेडच्या घरी पेटी आणली, त्याच दिवशी डझनभर मासे सोडले. आठवड्यात सारे मेले.

विष्ठा व उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया हे विष तयार होते. ते पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर दोन-तीन गप्पीच ठेवावेत, खाद्य चिमूटभर द्यावे. गप्पी बोअरच्या जड पाण्यातही तगतात. नळाच्या पाण्यातले क्लोरिन मात्र आधी हायपोने घालवावे.

पाण्याची किंमत लातूरकरांना सांगायला नको. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे तेथे पोहोचली होती. दोन फुटी पेटीत सुमारे ५० लिटर पाणी मावते. आठवड्याला चौथाई, म्हणजे बादलीभर बदलावे. काढलेले पाणी कुंड्यांना खत ठरते.

दुकानदार बंधूंनी पेटीबरोबर दोन-तीनच मासे द्यावेत, बाकीचे दीड महिन्याने. आजचा गल्ला घटेल, पण गिऱ्हाईक टिकेल. आम्ही त्या दुकानाची पायरी पुन्हा चढलो नाही.