अँटेनावाल्यांची कोची

1341 साली पेरियार नदीला महापूर आला. मुझिरीस हे प्राचीन बंदर त्या पुराच्या गाळात बुजले आणि कोचीचे मुख मोकळे झाले, असे मानले जाते. मग अरब, चिनी, पोर्तुगीज, डच, इंग्रज असे सगळेच इथे येऊन गेले. वास्को द गामा 1524 च्या नाताळच्या आदल्या दिवशी इथेच वारला. पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोवा सोडलेली गौड सारस्वत कुटुंबेही इथे स्थिरावली. मट्टनचेरीत आजही कोकणी कानावर पडते.

याच शहरात दर दोन वर्षांनी, बहुधा डिसेंबरात, अँटेनावाल्यांचा मेळा भरतो. कोचीन विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठाच्या, म्हणजे ‘कुसॅट’च्या, इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1988 मध्ये अँटेना आणि रेडिओलहरींचा प्रसार या विषयावर राष्ट्रीय परिसंवाद सुरू केला. ‘ॲपसिम’ हे त्याचे नाव. परिषदा भरवणाऱ्या संस्था पुष्कळ असतात. पण एका सरकारी विद्यापीठातल्या एका विभागाने एकच विषय हाती धरावा आणि पिढी बदलली तरी सोडू नये, याचे मोल मला फार वाटते. तरुण संशोधकाला आपला पहिला निबंध जाणकारांपुढे उभे राहून वाचता येतो आणि त्यांच्या प्रश्नांना तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते. हे शिक्षण पुस्तकात मिळत नाही.

या विषयाला समुद्रकाठ मानवतोही. समुद्रालगतची हवा बाष्पाने भरलेली असते आणि वर जावे तसे बाष्प झपाट्याने कमी होते. त्यामुळे रेडिओलहरी खाली वाकतात आणि पृथ्वीच्या गोलाईला धरून क्षितिजापलीकडे जातात. याचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या सुमारे 200 मेगाहर्ट्‌झच्या रडारला, उन्हाळ्याच्या दिवसांत, हजार मैलांहून दूर असलेल्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी मिळत. पावसाळा लागला की हा पल्ला एकदम आखडे. रडार तेच, अँटेना तीच. बदललेली असे ती फक्त मधली हवा.

जवळपास त्याच वारंवारतेचे एक रडार आज कुसॅटच्या आवारात आहे. त्याचे काम मात्र आकाशाकडे पाहण्याचे. इमारतीच्या गच्चीवर 619 अँटेना उभ्या आहेत. प्रत्येक अँटेनाला तीन आडव्या दांड्या, एकीवर एक. मधल्या दांडीला वीज मिळते, खालची लहरींना वर परतवते आणि वरची त्यांना पुढची दिशा देते. रडार 205 मेगाहर्ट्‌झवर चालते, म्हणजे तरंगलांबी जेमतेम दीड मीटर. म्हणून दांड्याही साधारण पाऊण मीटरच्या आसपास. इतक्या अँटेनांपैकी एकही हलत नाही. प्रत्येकीकडे जाणाऱ्या संकेताची वेळ किंचित मागेपुढे केली की सगळ्यांचा मिळून झालेला झोत हवा तिकडे कलतो. हवेतल्या लहान भोवऱ्यांवरून परतणारा क्षीण संकेत टिपून हे रडार सुमारे 20 किलोमीटर उंचीपर्यंतचा वारा मोजते, तेही भर पावसात. नैर्ऋत्य मोसमी वारे भारताच्या मुख्य भूमीवर आधी केरळात पोचतात आणि मग कोकणात येतात. आपल्या पेरण्यांची चाहूल त्या गच्चीवर आधी लागते.

तीन दांड्यांची ही रचना जपानमधल्या सेंदाईची. शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी ती 1926 मध्ये मांडली, पण मायदेशी तिची फारशी दखल घेतली गेली नाही. 1942 मध्ये सिंगापूर पडल्यावर जपानी सैन्याला ब्रिटिशांच्या रडारच्या टिपणांत ‘यागी’ हा शब्द सापडला. हा काय प्रकार, असे युद्धकैद्याला विचारले, तेव्हा कळले की तुमच्याच प्राध्यापकाचे हे नाव. पुढे 1950 च्या दशकात उदा स्वतः दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत येऊन राहिले. दूरदर्शनच्या काळात आपल्या घराघरावर चढलेली अँटेना हीच.

महाराष्ट्राचाही या विद्येशी जवळचा संबंध आहे. नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची दुर्बीण आहे. पण आपल्या किनाऱ्यावर, पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत, कोचीसारखा नेमाने भरणारा अँटेनांचा परिसंवाद मला दिसत नाही. मासेमारीच्या होड्यांवरचे बिनतारी संच, खाऱ्या हवेत गंजणारे जोड, कोसळत्या पावसात क्षीण होणारे उपग्रहाचे संकेत हे सगळे प्रश्न आपल्या दाराशी आहेत. कोकणातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने त्यातला एक तरी हाती घ्यावा, दोन-चार विद्यार्थी त्यावर बसवावेत आणि जे हाती येईल ते घेऊन पुढच्या खेपेला त्यांना कोचीला पाठवावे.