ट्रायल रूमची कडी

चेन्नईत टी. नगरच्या रंगनाथन स्ट्रीटवर दिवाळीआधी पाय ठेवायला जागा नसते. तिथल्या साडीच्या दुकानांचं ट्रायल रूमवाचून कधी अडलं नाही. पदर खांद्यावर टाकायचा, आरशात बघायचं, झालं. ट्रायल रूम आली ती चुडीदार-जीन्सबरोबर, आणि काही दुकानांत ती आता स्त्री-पुरुषांना सामाईक असते. अशाच एका दुकानात माझी चौदा वर्षांची मुलगी कुर्ता घालून न बघताच बाहेर आली. दार गुडघ्याशी संपत होतं, कडी सैल होती आणि रांगेत मागेपुढे अनोळखी पुरुष होते. मॅनेजर नम्रपणे म्हणाले, "मॅडम, कंपनी पॉलिसी."

एकट्या गिऱ्हाइकाला हे उत्तर पुरतं. वीस-पंचवीस जणी मिळून लेखी विचारायला गेल्या तर पुरणार नाही, म्हणून हा लेख.

आधी बिल जपून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक तोच, ज्याने मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेतली. नुसते कपडे घालून बघून परतलेल्या बाईला तिथे उभं राहणं कठीण. कलम ३५ मध्ये मात्र मोठी सोय आहे: अनेक ग्राहकांचं हित एकच असेल, तर जिल्हा आयोगाच्या परवानगीने एक-दोघी सगळ्यांच्या वतीने तक्रार करू शकतात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही. त्याआधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. चेन्नईत १९८५ पासून काम करणारी 'सीएजी' ही ग्राहक संघटना आहे. बेकायदा उंच इमारतींविरुद्ध ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. मुंबई ग्राहक पंचायतीचा अनुभव असलेल्या मराठी घरांना ही वाट नवी नाही.

कॅमेऱ्याचा संशय असेल, तर ती ग्राहक तक्रार राहतच नाही, सरळ पोलिसांकडे जायचं. एप्रिल २०१५ मध्ये गोव्यात कांदोळीच्या फॅबइंडियात तत्कालीन केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांनी ट्रायल रूमच्या दिशेने वळलेल्या कॅमेऱ्याची तक्रार केली. तो दुकानावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे, छुपा नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. तरी कर्मचाऱ्यांना अटक झाली. चोरून बघणं किंवा चित्रण करणं हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली. पहिल्या वेळी किमान एक वर्षाची कैद.

मागायचं काय, यावर मात्र बैठकीत वेळ घालवा. अमेरिकेत टार्गेट कंपनीने एप्रिल २०१६ मध्ये आपापल्या लिंगओळखीनुसार स्वच्छतागृह आणि ट्रायल रूम वापरायची मुभा जाहीर केली, तेव्हा बहिष्काराच्या आवाहनाला दहा लाखांहून जास्त सह्या मिळाल्या. धोरण हललं नाही. पण त्याच वर्षी एकेकट्याने वापरायची, आतून कडी लागणारी स्वच्छतागृहं बांधायला कंपनीने दोन कोटी डॉलर काढले. आपणही भिंत, दार आणि कडी मागावी: जमिनीपासून वरपर्यंत दार, पक्की कडी, आणि ज्यांना हवी त्यांच्यासाठी फक्त स्त्रियांची रांग. ही शेवटची मागणी मला अगदी रास्त वाटते, तिच्यासाठी कुणी संकोचू नये.

आपला रोख मात्र तिरुनंगैंवर, म्हणजे तृतीयपंथी स्त्रियांवर, जाता कामा नये. तमिळनाडूने २००८ मध्येच त्यांच्यासाठी कल्याण मंडळ नेमलं, आणि दुकानात त्यांच्याशी भेदभाव करायला २०१९ चा केंद्रीय कायदा मनाई करतो. कडी त्यांनाही हवीच असते.

दुकानाच्या आतली व्यवस्था बदलते, हे या राज्याने पाहिलेलं आहे. दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्यांना बसायला जागा द्यावी, असा कायदा केरळपाठोपाठ इथे २०२१ मध्ये झाला. म्हणून निवेदन तमिळमध्येही लिहा आणि ते देण्याआधी ट्रायल रूमच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मुलीशी बोला. कुठल्या दाराची कडी लागत नाही, हे तिला तोंडपाठ असतं.