विजेची छोटी मोटार : घ्यावी की थांबावे?



महामार्गाच्या रुंदीकरणात जमिनीचा तुकडा गेला, मोबदला बँकेत जमा झाला आणि लगेच घरात मोटारीची बोलणी सुरू झाली. सवचे एक भातशेती करणारे गृहस्थ अशाच विचारात माझ्याकडे आले. सूनबाई महाडला नोकरीस, वडिलांना औषधपाण्यासाठी वरचेवर न्यावे लागते. मुलाच्या मनात विजेवर चालणारी लहान मोटार भरलेली. "साहेब, पेट्रोल लागत नाही म्हणजे फायदाच ना?" असा त्यांचा सरळ सवाल.

सवाल रास्त आहे. पण गेलेली जमीन परत येत नाही आणि तिचे पैसे एकदाच हाती येतात. म्हणून आम्ही वही-पेन्सिल घेऊन बसलो. तोच हिशेब तुमच्यापुढे मांडतो.

वाचते किती?

पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरा आणि लहान गाडी लिटरला १८ किलोमीटर जाते असे धरा. किलोमीटरला पावणेसहा रुपये पडले. विजेच्या लहान गाडीला १०० किलोमीटरला, चार्जिंगमधली घट धरून, १२ युनिट लागतात असे समजू. गाडी आल्यावर घरचा वापर महिन्याला १०० युनिटांच्या पुढे जातो आणि वरच्या युनिटांना चढा दर लागतो. म्हणून युनिट ११ रुपयांना धरा. किलोमीटरला सव्वा रुपयाच्या वर थोडे पडते. म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ४ रुपये ४० पैसे वाचतात. इंजिनचे ऑइल नाही, क्लच नाही, त्यामुळे देखभालही कमी.

आता दुसरी बाजू. विजेच्या गाड्यांवर ५ टक्के कर आहे. पण लहान पेट्रोल गाड्यांवरचा करही २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्या स्वस्त झाल्या. दोहोंच्या किमतीत अडीच लाखांचा फरक धरला, तर तो भरून यायला सुमारे ५७ हजार किलोमीटर गाडी चालली पाहिजे. वर्षाचे ३०० दिवस, रोज ४० किलोमीटर चालली तर पावणेपाच वर्षे लागतात. रोज १० किलोमीटरच चालली तर १९ वर्षे! गाडी उभी राहिली तर काहीच वाचत नाही.

पल्ला आणि घाट

विजेची लहान मोटार आपल्याकडे अगदी नवी नाही. बंगळुरूची रेवा २००१ साली रस्त्यावर आली होती. २०२२ साली टाटांची टियागो आणि २०२३ साली एम.जी.ची कॉमेट विजेवर आली. कॉमेटची बॅटरी १७.३ युनिटांची आणि कंपनीने सांगितलेला पल्ला २३० किलोमीटर. हा आकडा चाचणीतला. माणसे भरलेली, ए.सी. चालू, रस्ता खराब, अशा वेळी तीन चतुर्थांशच हिशेबात धरावा. महाड-मुंबई अंतर पाऊणदोनशेच्या घरात आहे, तेव्हा चाकरमान्यांकडे एका दमात जाण्याचा भरवसा नाही. काही लहान गाड्यांना जलद चार्जिंगची सोयच नसते. घेण्यापूर्वी हे विचारा.

घाटाचेही गणित आहे. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाताना बाराशे-तेराशे मीटर चढावे लागते. माणसांसह एक टन वजनाची गाडी एवढी वर नुसती उचलायलाच सुमारे साडेतीन युनिट लागतात, चालण्याचा खर्च वेगळा. उतरताना थोडी वीज परत मिळते, सगळी नाही.

वीज आणि पाणी

घरगुती जोडणीचा मंजूर भार बिलावर पाहा. साध्या चार्जरला तीन-साडेतीन किलोवॉट लागतात. भार कमी असेल तर वाढवून घ्या. १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग, स्वतंत्र एम.सी.बी. आणि चांगले अर्थिंग हवे. खडकाळ जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग सुकते, ते तपासून घ्या. आणि कृषिपंपाच्या जोडणीवरून गाडी कधीही चार्ज करू नका. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते.

सव सावित्रीकाठी आहे. जुलै २०२१ मध्ये महाडात पाणी कसे चढले, ते तुम्हाला सांगायला नको. गाडीची बॅटरी तळाशी असते. ती पाणी अडवणारी असली, तरी नेहमीच्या प्रमाणाप्रमाणे ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकावी एवढीच अपेक्षा असते. गाळाच्या पाण्यात रात्रभर बुडून राहणे वेगळे. म्हणून गाडी उंच जागी ठेवण्याची सोय आधी करा. नुसता थर्ड पार्टी विमा पुराचे नुकसान देत नाही, पूर्ण विमा घ्या. बुडालेली गाडी चालू करू नका, चार्जिंगलाही लावू नका.

वहीने दिलेले उत्तर

"रोज किती किलोमीटर होतात?" मी गृहस्थांना विचारले. "चाळीस तरी," ते म्हणाले. मी म्हटले, "भाऊ, महिनाभर लिहून ठेवा. सूनबाईंची फेरी, बाजार, दवाखाना, सगळे."

महिन्याने ते वही घेऊन आले. सूनबाईंनी नेटक्या अक्षरात रोजची नोंद केली होती. बेरीज झाली ५४० किलोमीटर, म्हणजे दिवसाला १८. या हिशेबाने फरक भरून यायला पावणेनऊ वर्षे लागणार, आणि बॅटरीची हमी साधारण आठ वर्षांची! शिवाय त्यांचे अंगण पुराच्या रेषेत. मुलगा जरा हिरमुसला, पण आकड्यांपुढे बोलला नाही. घरात विचार होऊन ठरले, की सूनबाईंसाठी विजेची स्कूटर घ्यावी, वडिलांना न्यायला भाड्याची गाडी करावी आणि मोबदल्याची मोठी रक्कम ठेवीत राहू द्यावी.

याचा अर्थ विजेची मोटार वाईट असा नव्हे. रोज ४०-५० किलोमीटर ये-जा असलेल्या, गाडी ठेवायला उंच जागा आणि भरवशाची वीज असलेल्या घराला ती खुशाल घ्यावी. तुमचे घर यांपैकी कोणते, हे शोरूमवाला सांगणार नाही. एक महिना वही भरा, मग बयाणा द्या.